पुढच्या चाकाची बाजू

बोलता बोलता तो दोन्ही तर्जन्या हवेत गोल फिरवायचा, एकीमागे एक, अगदी सारख्या वेगानं. "पुढच्यालाही कामाला लावायचं, भाऊ! एकट्या मागच्यानं किती ढकलायचं?"

मलिंगार या आयरिश गावातल्या हॉस्पिटलात आम्ही दोघे भूलतज्ज्ञ. तो नागपूरचा, मी पुण्याचा. ऑपरेशनच्या टेबलाशी तो कमी बोलायचा. त्याची भरपाई चहाच्या सुट्टीत व्हायची, आणि विषय एकच. त्याची मोटरसायकल. दोन्ही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, जाडजूड टायरांची, दिसायला ट्रॅक्टरची चुलत बहीण. घरच्यांपेक्षा गाडीबद्दल जास्त बोलणारा असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच.

२०२१च्या हिवाळ्यात, लॉकडाऊनमुळे, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला मनाई होती. त्याच्या घरामागे बॉग, म्हणजे इथली काळी, स्पंजासारखी दलदल. हा खूश. "सरकारनं पाच दिले, त्यातले तीन चिखलाचे. अजून काय पाहिजे बे?"

मी कायम विरुद्ध बाजूला. "वजन केवढं! हँडल वळवताना खांदे भरून येतात म्हणे. आणि भाग जितके जास्त, तितक्या बिघडायच्या जागा जास्त."

"पण मागचं घसरलं की पुढचं ओढून काढतं, ते? चिखलात पायी चालल्यासारखं सावकाश जाता येतं, ते?"

"वेगाचं काय?"

"घाई असेल तर ॲम्ब्युलन्सनं जा, पुणेकर!"

शेवटी एका शनिवारी त्यानं किल्लीच हातात दिली. "आधी चालव, मग तोंड उघड."

पुढच्या चाकाचा जोर चालू-बंद करायला हँडलजवळ एक लिव्हर होता. त्यावर त्यानं आमच्या सिरिंजांवर लावतात तसली पिवळी चिठ्ठी चिकटवली होती: 'डांबर आलं की बंद'. टणक रस्त्यावर, वळणावर, दोन्ही चाकं एकमेकांशी भांडतात आणि ताण आतल्या दात्यांवर येतो, हे त्यानं मला दहादा सांगितलं होतं.

दलदलीत गाडी सुरेख चालली. खरं सांगतो, मी एकटाच मोठ्यानं हसत होतो. त्याच नादात डांबरी रस्त्यावर आलो, वळलो, आणि खालून 'कट्' असा आवाज आला. ऑपरेशनच्या वेळी प्रत्येक चिठ्ठी तीनदा वाचणारा मी, ती एक वाचली नव्हती.

गाडी धुतली. शेडमध्ये लावली. किल्ली दिली. "छान आहे," म्हणालो. एवढंच.

दुसऱ्या दिवशी पुढचं चाक ओढेचना, आणि तो बॉगमध्ये अर्ध्या चाकापर्यंत रुतला. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टरनं ओढून काढलं. सोमवारी चहाच्या टेबलावर त्यानं एक तुटका दाता ठेवला.

"मी तर लिव्हर कधीच विसरत नाही," तो म्हणाला. "म्हणजे यंत्रच कच्चं. जिंकलास तू, पुणेकर."

माझा त्याला संशयसुद्धा आला नाही. सगळे हसले, मीही हसलो. जिंकलेल्या माणसानं हसायचं असतं.

त्यानंतर तो विषय त्यानं काढला नाही. चहाची सुट्टी लांबलचक वाटायला लागली. मी एकदा स्वतःहून पुढच्या चाकाची बाजू घेऊन पाहिली. "राहू दे, भाऊ," तो म्हणाला. "तू बरोबर होतास."

उन्हाळ्यात तो कायमचा नागपूरला परतला. गाडी त्या शेतकऱ्यानं घेतली, तुटक्या दात्याचं चक्र बदललं. आता ती मागे चाऱ्याचे गठ्ठे घेऊन दलदल पार करते. कुंपणापाशी मी थांबलो की म्हातारा ओरडतो, "ग्रँड आहे ही! कुठंच अडत नाही!" मला ते कधीचंच माहीत आहे.

फोनवर आम्ही बोलतो. हवा, मुलं, गुडघे. हे राहून जातं. म्हणून आज लिहिलं, आणि पहिली प्रत त्यालाच पाठवतोय: भाऊ, तू हरला नव्हतास. लिव्हर मी विसरलो होतो.

तो निघाला ती सकाळ अजून दिसते. टॅक्सीच्या खिडकीतून त्यानं सवयीनं दोन्ही तर्जन्या वर केल्या, फिरवायला सुरुवातही केली. मग त्याला आठवलं. माझ्याकडे बघून हसत त्यानं पुढची मिटली, आणि टॅक्सी वळेपर्यंत एकटी मागची फिरवत राहिला.