सहा आणि साडेसात

लातूर नवा जिल्हा झाला, तिथल्या कचेरीला माणसं हवी होती, म्हणून माझ्या नवऱ्याची नांदेडहून बदली झाली. माझी शाळा नांदेडला. मी विज्ञान शिकवायची. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. रोज सकाळी सहाला आम्ही शेजारी शेजारी बसून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायचो. जाताना तेच म्हणाले, "तू हितं सहाला बस, मी तिथं सहाला बसतो. सोबतच झाली की." मी दोघांची घड्याळं रेडिओच्या वेळेला लावून दिली.

दुष्काळाचं वर्ष. तांब्याभर पाण्यात अंग पुसून मी सहाच्या ठोक्याला बसे. डोळे मिटले की शेजारचा रिकामा पाट भरायचा.

शाळेत मधल्या सुट्टीत या 'एकाच वेळी'वर मी हौसेनं वाद घालायची. इतिहासाचे सर म्हणत, पाचपन्नास वर्षं इकडेतिकडे झाली तरी माणसं समकालीनच. संगीताच्या बाईंना ते पटायचं नाही. समेवर केसभर चुकलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. मी सांगायची, दूरच्या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या का, हे बघणाऱ्यावर ठरतं, सगळ्यांचा मिळून एक 'आत्ता' नसतोच. सांगायची खरी, पण मानत नव्हते. माझा 'आत्ता' सहाला होता.

आठ महिन्यांनी, एका शनिवारी, न कळवता लातूरला गेले. रविवारी सकाळी सहाला मी तयार आणि नवरा घोरत पडलेला. हलवलं तर म्हणाले, "थांब, पाणी यायचंय अजून."

टँकर साडेसहाला आला. सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या आणि घरमालकीणबाईंनी हाक मारली, "साहेब, चला, पाट मांडलेत." त्यांच्या देवघरात सासूसासरे, नवरा, मुलं, सगळे बसलेले. माझ्या नवऱ्याचा पाट ठरलेला होता. बाईंनी न विचारता त्यांच्यापुढं विभूती सरकवली, बेलाची पानं ठेवली. मला म्हणाल्या, "ताई, तुमी बी बसा. साहेब आल्यापासून आमच्यासंगंच बसतेत." घड्याळात साडेसात.

वावगं त्यात काहीच नव्हतं. तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई दिसायला बेताचीच, हे मी दोनदा बघून घेतलं. त्यानं बरं वाटलं नाही.

खोलीवर आल्यावर विचारलं, "मला कळवलं का नाही?"

"टँकरच साडेसहाला येतो, मी काय करू? अन् तुला काय फरक पडतो? तिकडून दिसतंय का?"

मधल्या सुट्टीत मी हेच तर सांगत होते.

नांदेडला परतल्यावर सहाला बसले, तर शेजारचा पाट रिकामाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. साडेसातला शाळेत पहिला तास असायचा. फळ्यावर लिहिताना घड्याळाकडे नजर गेली की हात थांबे: आता विभूती सरकवली, आता बेलाची पानं ठेवली.

"बाई, वाक्य अर्धंच हाय," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणे.

आठ महिने सहाला मी एकटीच बसले होते. आता रोज साडेसातला, हातात खडू घेऊन, मी एका मिनिटानंही न चुकता त्यांच्यासोबत असे. फक्त आम्ही दोघं नव्हतो, तिघं होतो.