न समजता म्हटलेलं 'रॉजर'

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितोय.

मी खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी शिकतोय. आज सकाळी एकटाच विमान घेऊन नागापूरच्या कारखान्यांवरून वर चढत होतो. रेडिओवर विमानतळाचे कंट्रोलर काहीतरी म्हणाले. खरखरीत मला कळलं नाही, तरी मी 'रॉजर' म्हणालो, म्हणजे समजलं. खरं तर सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते. मी म्हटली नाही आणि घाईत त्यांनीही विचारलं नाही.

ते मला वर चढू नका म्हणाले होते. मी चढत राहिलो. दुसरं विमान डोक्यावरून इतक्या जवळून गेलं की त्याच्या पंखाखालची अक्षरं वाचता आली.

उतरल्यावर शिकवणाऱ्या सरांनी एवढंच विचारलं, "'परत सांगा' असं का नाही म्हणालास?"

पारनेरला आमच्या घरात मोठ्यांना परत विचारलं की ऐकायला मिळायचं, "एकदा सांगितल्यालं कळत न्हाई व्हय?" त्यापेक्षा मान हलवलेली बरी. तुमच्याकडेही असंच होतं का?

मघाशी वडिलांचा फोन आला. "तिथलं समदं कळतंय ना रं?"

मी म्हणालो, "हो."