आर्डिसचं तबक

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या रविवारी आमच्या हॅलस्टनच्या चर्चमध्ये प्रार्थना आटोपली, की सगळे तळघरातल्या हॉलमध्ये कॉफीला उतरतात. ही कॉफी उभ्यानं घ्यायची असते, म्हणून सोबतचं खाणं एका घासात संपणारं. आणि ते सणाच्या उरल्यासुरल्यातूनच केलेलं हवं. ताजं काही करून आणलं, तर आमच्या बायका ‘अगं, कशाला एवढी धावपळ केलीस?’ असं इतक्या प्रेमानं विचारतात, की आणणारी पुन्हा आणत नाही.

आणखी एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. ज्या घरी सणाची पंगत झाली, त्या घरानं तबक आणायचं. जे दुसऱ्याकडे जेवले, त्यांनी कागदी रुमाल आणायचे. तबकवाल्या टेबलामागे उभ्या राहतात, रुमालवाल्या भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसतात. त्यांना कुणी काही बोलत नाही. फक्त त्यानंतर हॉलचे पडदे बदलायचे असोत की छपराच्या पत्र्याचं काम असो, त्यांचं मत कुणी विचारत नाही.

आर्डिस टॉलफसन लग्न होऊन या गावात आली, तेव्हापासून तबकवाली. माझ्या शेजारीच राहते. थोराड बांधा, बसके केस, आणि बोलताना समोरच्याच्या कॉलरवरचा दोरा काढण्याची सवय. तिच्या मुलाला, कर्टिसला, मी चौथीत शिकवलं आहे.

तिचे टर्कीचे गोळे सगळ्या गावाला माहीत आहेत. उरलेली टर्की बारीक चिरायची, तिच्या पोटात भरलेलं पाव-कांदा-सेलरीचं सारण त्यात मिसळायचं, अंडं घालून अक्रोडाएवढे गोळे वळायचे, प्रत्येकात अंगठ्यानं खळगा करून क्रॅनबेरीचा गोड रस भरायचा आणि भाजायचे. इथपर्यंत सगळं ठीक. पण आर्डिसचा कच्चेपणावर फार राग. घरी एकदा भाजून झाले, की चर्चच्या भट्टीत ती ते ‘जिवाला घोर नको’ म्हणून पुन्हा भाजते. त्यानंतर त्या गोळ्यात काडी शिरत नाही. एकदा एक गोळा खाली पडला, तो पियानोपर्यंत गेला.

हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आम्ही गोड माणसं आहोत. सगळे एकेक गोळा उचलतात, ‘वा, आर्डिस, यंदाही!’ म्हणतात आणि रुमालात गुंडाळून खिशात टाकतात. रुमालवाल्या बायकांची चर्चला खरी गरज कशासाठी आहे, हे त्या दिवशी कळतं.

तर गेल्या वर्षी, तिचा नवरा लेरॉय गेल्यानंतरच्या दुसऱ्या सणाला, सुनेचा फोन आला. शॅनन म्हणाली, “आर्डिस, यंदा तुम्ही काहीच करायचं नाही. आम्ही फार्गोला माझ्या आईवडिलांकडे जातोय, तिथे सगळे हॉटेलातच जेवणार आहोत. तुम्हीही चला. भांडी नाहीत, पसारा नाही, काही उरायचीही भानगड नाही!”

आर्डिसनं फोन ठेवला आणि सरळ माझ्याकडे आली.

“काही उरायची भानगड नाही म्हणे,” ती म्हणाली. “आता रविवारी मी काय घेऊन जाऊ?”

“एक वर्ष रुमाल नेलेस तर काय बिघडलं?”

“तू कायम रुमालवाली. तुला काय कळणार?”

हे खरं होतं. मी बहिणीकडे जेवते.

“मार्लिस एंगेब्रेटसन माझ्या जागेवर डोळा ठेवून आहे,” ती म्हणाली. “लेरॉयच्या अंत्यविधीतच मला म्हणाली, ‘आता तुला जरा बसायला मिळेल हो.’ बसायला! मी काय आजारी आहे?”

घरी एकटीनं टर्की भाजून गोळे करणं सहज शक्य होतं. पण आर्डिस खोटं तबक नेणारी नाही. उरलेलं म्हणजे खरोखर कुणीतरी जेवून उरलेलं हवं. म्हणून तिनं थंडीचं निमित्त सांगून फार्गोला जायचं नाकारलं आणि मला व पलीकडच्या ऑर्व्हिलला शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावलं. गुरुवारी मी बहिणीकडे आणि तो पुतण्याकडे अडकलेला. सण गुरुवारचा, पंगत शुक्रवारची, हे चालेल का, असं तिनं पास्टरना फोनवर ‘एका मैत्रिणीसाठी’ विचारलं. पास्टर म्हणाले, “वार कुठला, असं शास्त्रात कुठे नाही. आणि आर्डिस, मैत्रिणीला म्हणावं, गोळे थोडे कमी केले तरी चालतील.”

शेवटचं वाक्य तिनं काळजीपोटी आलेलं समजून सोडून दिलं.

शुक्रवारी आम्ही गेलो तर टेबलावर एवढी मोठी टर्की, की पलीकडे बसलेला ऑर्व्हिल दिसेना. ऑर्व्हिल अविवाहित शेतकरी. वाकून पाहिलं, तर टर्कीकडे बघताना त्याचे डोळे पाणावले होते.

आमच्याकडे यजमानानं तीनदा विचारायचं असतं. पहिल्यांदा पाहुणा ‘छे छे’ म्हणतो, दुसऱ्यांदा ‘अगदी थोडं’ म्हणून हात आडवा धरतो आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करतो. 

“ऑर्व्हिल, आणखी टर्की?” आर्डिसनं विचारलं.

“छे छे, पुष्कळ झालं.”

“थोडी तरी?”

“नको गं, अगदीच थोडी...” ऑर्व्हिलनं हात आडवा धरला आणि वाट पाहत राहिला.

आर्डिसनं टर्कीवर झाकण ठेवलं. “बरं, आग्रह नाही करत,” ती म्हणाली.

ऑर्व्हिलचा हात तसाच हवेत राहिला. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याच्यावर असा प्रसंग आला नव्हता. मी सारणाकडे चमचा नेला, तर तिनं भांडंच पलीकडे सरकवलं. “तुला पाव सोसत नाही ना?” असं मायेनं म्हणाली. मला पाव उत्तम सोसतो.

असे आम्ही अर्धपोटी उठलो. ती मात्र खूश. मांस सोडवून तिनं मोठ्या परातीत चिरून ठेवलं, वर सारण लोटलं, अंडी काढली. मी भांडी पुसत होते. ऑर्व्हिल उगाचच दाराशी रेंगाळत होता. आमच्याकडे निघायला वेळ लागतो आणि त्यात कुणी काही हातावर ठेवलं तर घ्यावं, अशा बेतानं.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. कर्टिस, शॅनन आणि त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली, ब्रिन आणि केल्सी. फार्गोहून मिनियापोलिसला परतताना वाट वाकडी करून आले होते.

“आजी! हा वास कसला?” ब्रिन बूट काढायच्या आधीच ओरडली.

“कसला नाही. तुम्ही जेवून आला असाल.”

“कसलं जेवण!” कर्टिस म्हणाला. “काल हॉटेलात टर्कीचा एक काप मिळाला. त्यातून पलीकडचं दिसत होतं, आई. वर कसल्याशा हिरव्या रसाचे तीन ठिपके.”

“ते फार नावाजलेलं हॉटेल आहे,” शॅनन म्हणाली. मग खालच्या आवाजात, “ठिपके खरंच तीनच होते.”

केल्सीनं परात पाहिली. आर्डिस मध्ये आली, परातीला पाठ लावून.

“ते नाही. ते रविवारचं आहे. ते उरलेलं आहे.”

“मग उरलेलंच तर खातोय, आजी!”

“अगं, पण ते उरलेलं *उरायला* हवं ना!”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मुलींना हसू येत होतं. शॅनन मात्र हसली नाही. ती टेबलाकडे बघत होती: लेरॉयच्या आईचं पांढरं कापड, तीन ताटं, एवढ्या टर्कीला जेवणारे फक्त मी आणि ऑर्व्हिल.

“आर्डिस,” ती म्हणाली, “तुम्ही हे सगळं कालच करणार होतात. आमच्यामुळे राहिलं का?”

“तुम्हाला पसारा नको होता.”

“मला वाटलं, तुम्हाला होत नसेल आता. पण तोंडानं म्हणाल का तुम्ही? मग मीच हॉटेल काढलं.”

“आणि मला वाटलं, तुला माझ्या हातचं नको.”

आमच्या गावात एवढं स्पष्ट कुणी बोललं, की बाकीचे हवामानाकडे वळतात. ऑर्व्हिल घाईनं म्हणाला, “रात्री बर्फ पडणार म्हणतात.”

आर्डिसनं परातीकडे पाहिलं. रविवार तिच्या डोळ्यांपुढे असणार: टेबलामागची जागा आणि तिथे उभी मार्लिस. तिनं कर्टिसच्या कॉलरवरचा दोरा काढला, मग कपाटातून ताटं काढली. “बसा,” ती म्हणाली. “ऑर्व्हिल, तूही बस. उगाच दारातून थंडी आत घेतोस.”

सारण तव्यावर परतलं गेलं, त्यात टर्की गेली, वर ग्रेव्ही. मुली खात होत्या ते बघण्यासारखं होतं. ऑर्व्हिलनं एकदाही ‘छे छे’ म्हटलं नाही. शॅनननं पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या आणि परात चमच्यानं खरवडली.

रविवारी आर्डिस हॉलमध्ये आली ती रिकाम्या हातानं. तबक नाही, रुमालही नाहीत. टेबलामागच्या बायकांना कळेना, हिला कुठे उभं करायचं.

“गोळे नाहीत?” मार्लिस म्हणाली. आवाजात एवढं दुःख, की ऐकणाऱ्याला खरं वाटावं. “अगं, आम्ही वर्षभर वाट बघतो!”

“खरंच बघतो,” पास्टर म्हणाले, आणि कोटाच्या खिशावरचा हात त्यांनी काढून घेतला.

“काय करू? घरातली माणसं आली, राहिलंच नाही काही.”

“तरी दोन-चार घास ठेवायचे बाजूला.”

आर्डिस भिंतीलगतच्या खुर्चीवर ऐसपैस बसली, माझ्याकडून कॉफी घेतली आणि तबकवाल्या टेबल सोडून तिच्याभोवती गोळा होईपर्यंत थांबली.

“कुठून ठेवू?” ती म्हणाली. “सूनबाई सूप करायला हाडंसुद्धा घेऊन गेली.”