काकू, ती अंघोळीला गेलीये

आयर्लंडमधल्या ॲथलोन गावातलं आमचं घर म्हणजे फक्त मराठी मुलींचं. सीनियर मुली जाताना किल्ली देतात, कुकर देतात आणि एक नियम देतात: कुणाच्याही आईचा फोन आला की त्या मुलीला सांभाळून घ्यायचं. लायब्ररीत आहे, अंघोळीला गेलीये, काहीही. आम्ही यात एकदम एक्स्पर्ट होतो यार.

त्या रविवारी सकाळी मी पोहे करत होते आणि आमची नागपूरची सोफ्यावर झोपली होती. पार्टीहून आलीये, झोपू दे, असं मला वाटलं. मग तिच्या घशातून विचित्र घरघर ऐकू आली. हलवलं तर काहीच नाही. ओठ निळसर.

नाशिकची धावत आली. "लिंबूपाणी दे तिला, उतरेल."

"घशात अडकेल ना तिच्या. काय घेतलंय हिनं?"

"काही नाही. दारू."

"दारूनं असं होतं?"

मी फोन उचलला तर तिनं माझा हातच धरला. "ॲम्ब्युलन्स नको ना. पोलिस येतील, व्हिसा जाईल, तिचे बाबा जीव घेतील तिचा."

"घ्यायला जीव उरला तर पाहिजे."

मी इमर्जन्सीचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडची बाई म्हणाली, कुशीवर वळवा, श्वास बघत राहा, आणि काय घेतलंय ते नक्की सांगा. नेमका तेव्हाच नागपूरचीचा मोबाईल वाजला. तिच्या आईचा व्हिडिओ कॉल. नाशिकचीनं सवयीनं उचललासुद्धा.

"हॅलो काकू, ती ना, अंघोळीला गेलीये."

"मागच्या रविवारीही अंघोळच होती. किती अंघोळी करते गं ही तिकडच्या थंडीत?"

स्पीकरवरची बाई परत विचारत होती, काय घेतलंय. मी नाशिकचीकडे बघत होते. मला काहीच माहीत नव्हतं, आणि नागपूरचीच्या श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं.

"झोपेच्या गोळ्या," नाशिकची शेवटी रडत म्हणाली. "दारूबरोबर. परीक्षेपासून घेतेय. मीच आणून दिल्या, एका मुलाकडून."

काकूंनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता ओरडतील.

"श्वास चालू आहे का तिचा? दाखव मला."

मी मोबाईल तिच्या छातीसमोर धरला. काकू बघत राहिल्या, मीही. ॲम्ब्युलन्सवाले आत आले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "फोन ठेवू नकोस, बाळा."

हॉस्पिटलमध्ये तिनं डोळे उघडेपर्यंत मी फोन ठेवला नाही.