कुंपणाशी उगवलेली दीपमाळ

इकडे उत्तरेत, आमच्या निशातगंजच्या कॉलनीत, कराडच्या एक बाई राहतात. त्या माणसांशी हिंदीत बोलतात; मराठीत फक्त माझ्याशी आणि झाडांशी. बागेच्या कुंपणाशी आपोआप उगवलेल्या दीपमाळेला तर रोज विचारतात, "काय गं, जेवलीस का?" तुळशीच्याच कुळातलं हे रानझाड. दांड्यावर एकावर एक काटेरी गोंडे, आणि त्यांतून डोकावणारी केशरी फुलं. बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हमारे गाँव की है."

गेल्या महिन्यात कमिटीने बागेत फक्त देशी झाडं ठेवायचं ठरवलं. सेक्रेटरींनी मला विचारलं, "डॉक्टर साहब, ये तो देसी है न?" मी निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ, माझा शब्द अखेरचा. मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि "हाँ" म्हणालो. दीपमाळ मूळची आफ्रिकेतली आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ते खोटं मनाला टोचत राहिलं. शेवटी काल बागेत बाईंना खरं सांगितलं.

"अच्छा? एवढ्या लांबून आली बिचारी?" त्या खुदकन हसल्या आणि तिथूनच त्यांनी सेक्रेटरींना हाक मारली. "भैया, ये अफ्रीका की है और मैं कराड की. पहले किसको निकालोगे?"

सेक्रेटरी हसत म्हणाले, "आंटी, हम तो ख़ुद गोरखपुर के हैं. रहने दीजिए."

मी अजून खाली मान घालून उभा होतो. बाईंनी झारी माझ्या हातात दिली.

"तोंड कसलं पाडता, डॉक्टर? पाहुणी लांबून आलीय. पाणी द्या तिला."