टेलरीणबायच्या बरण्या

आमच्या घरात मीठ गंजक्या डब्यात असायचं आणि चिंध्या काचेच्या बरणीत. असं उलटं घर मुरबाड तालुक्यात दुसरं नसेल. तूरडाळीच्या डब्याचं झाकण बसायचं नाही, त्यावर दगड ठेवलेला. आणि शिवणाच्या मशीनच्या वर फळीवर तीसेक बरण्या. कॉफीच्या, मधाच्या, मुरंब्याच्या. एक सहा कोनांची, एकीच्या काचेवर द्राक्षं उठवलेली. सगळ्यांत कापडाचे तुकडे. मी चाळीस वर्षं विचारलं, "हे काय गो?" आता ती नाही, आणि मला अजून नीट कळलेलं नाही.

ती म्हणजे माझी बायको. गावात तिला कुणी नावानं हाक मारली नाही, सगळे टेलरीणबाय म्हणायचे. मी चौथी नापास, तिला तर सहीसुद्धा येत नव्हती. पण अख्ख्या गावाची मापं तिच्या डोक्यात. बाई दारात उभी राहिली की बघूनच सांगायची, "अंगानं भरलीस गो. दोन बोटं सोडायला लागतील." घरात पुरुषमाणूस बसलाय याचं तिला भान नसायचं. मीच उठून गोठ्यात जायचो.

बरण्या ती टोकावड्याच्या रस्त्यावरच्या बंगल्यांतून आणायची. मुंबईची माणसं तिथं शनिवार-रविवार येतात, खातात आणि बरण्या टाकून जातात. तिथल्या वॉचमनच्या सदऱ्याची बटणं ही लावून द्यायची, तो बरण्या बाजूला ठेवायचा. येताना जीपमध्ये बरणी मांडीवर घेऊन, वर पदर टाकून बसायची. जीपवाला म्हणायचा, "मावशी, बरणीचं तिकीट?" ही म्हणायची, "मांडीवरच्या पोराचं घेतोस काय रे तू तिकीट?" सगळी जीप हसायची. मला मात्र लाज वाटायची, मी बाहेर बघायचो.

चिंध्या म्हटलेलं तिला खपत नसे. "चिंधी रस्त्यावर पडते. ह्या तुकड्याला मालकीण हाये," म्हणायची. टेलर कापड चोरतो असं जग म्हणतं, ते तिला फार लागायचं. बाईचं ब्लाउज शिवून बोटभर कापड उरलं तरी ते तिचंच, ही तिची रीत. मी म्हटलं, ठेव ना मग, पण गाठोड्यात ठेव. तर म्हणे, "काचेत ठेवलं म्हंजे बाईला आल्या आल्या दिसतं, आपलं हाये म्हणून." मला वाटायचं, ही नुसती मिरवायची हौस.

बरणीवर काही खूण नसायची. भातलावणीत वाकून वाकून कुणाचं ब्लाउज काखेत उसवलं की ती चिखलाच्या पायांनी दारात यायची. ही मशीनवरून न उठता हात वर करायची आणि नेमकी बरणी काढायची. त्याच ब्लाउजचं कापड, त्याच रंगाचं ठिगळ. मी एकदा बसून मेळ लावायला गेलो. रंगाप्रमाणे म्हणावं तर एकाच बरणीत लाल, पिवळा, काळा. आळीप्रमाणे म्हणावं तर तेही नाही. विचारलं, तर म्हणाली, "तुमाला सगळ्यांचे बैल वळखू येतात ना? तसंच हाये." बैलाला शिंगं असतात, चाल असते. बोटभर कापडाला काय असतं?

भातकापणी उरकली आणि ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी छातीत दुखलं. कल्याणला न्यायला जीप बोलावली, ती येईपर्यंत संपलं.

आमच्यात तेराव्याला गेलेल्या बाईच्या नावानं बायांना एकेक भांडं द्यायची रीत आहे. माझी बहीण म्हणाली, मुरबाडहून स्टीलच्या वाट्या आणू. मी म्हटलं, "तिला वाट्यांचं काय? तिचा जीव बरण्यांत. बरण्याच देऊ." सगळ्या बरण्या युरियाच्या गोणीत उपड्या केल्या, नळावर धुतल्या, पुसल्या आणि दिल्या. मला वाटलं, तिच्या मनासारखं झालं. एक बाई दारात थांबून बरणीत वाकून बघत होती. मी म्हटलं, "रिकामीच आहे. साखर घाल." ती बरणी पदराखाली घेऊन गेली. कुणीच बोललं नाही. तेराव्याला काय बोलतील?

पौषात म्हसा गावची जत्रा उठल्यावर खालच्या आळीतली वनिता आली. तिचं माहेर डोळखांबकडचं, आई जाऊन बरीच वर्षं झाली.

"काका, टेलरीणबायकडं माज्या आयचा तुकडा हाये. तेवढा द्या."

"कसला तुकडा?"

"आयच्या हिरव्या पातळाचा. पातळ फाटलं तवा टेलरीणबायनं त्याचा मना ब्लाउज शिवला. उरलेलं तिनंच ठेवून घेतलं. बोलली, लेकीच्या लेकराला दुपटं शिवशील तवा लागंल. माज्या सुनंदाचे दिस भरत आले, काका."

आमच्याकडं बाळाचं पहिलं दुपटं घरच्या म्हाताऱ्यांच्या जुन्या कपड्याचं शिवतात. वनिताच्या आईचं बाकी सगळं तिच्याबरोबर जाळलं होतं. ब्लाउजही विरून गेलं. राहिलं होतं ते आमच्या बरणीत.

मी गोण आणली आणि अंगणात उपडी केली. वनिता बघतच राहिली.

"हे काय केलाव, काका?"

दोघं खाली बसलो. दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं. शेवटी दोन हिरवे तुकडे निघाले. दोन्ही विटलेले, दोन्ही हाताएवढे. एकाला काठाची पुसट रेघ होती, एकाला नव्हती. वनिता एक गालाला लावायची, मग दुसरा. वास घेतला, तर दोन्हीला युरियाचा.

"हा," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाय. हा."

मी म्हटलं, "दोन्ही ने. झालं."

"दोन्ही कसे नेऊ? एक दुसऱ्या कुणाच्या तरी आयचा असंल." आणि ती रडायला लागली.

मी तोंडाचा फटकळ माणूस. सरपंचाला तोंडावर बोललोय, सोयऱ्यांना बोललोय, पण खोटं बोललो नव्हतो. त्या दिवशी रेघेचा तुकडा उचलला आणि म्हटलं, "हाच. जायच्या आधी ती मला दाखवून गेली. म्हणाली, वनिता येईल, तिला द्या."

वनितानं डोळे पुसले. माझ्याकडं बघत राहिली. "तुमी तर शिवणाला कदी हात लावला नाय."

"हात लावला नाही. डोळे आहेत ना मला?"

"तुमी बोलताव तर असंल," म्हणाली आणि तुकडा पदराला बांधून गेली. तिला पटलं की माझी कीव आली, मला कळलं नाही. बायकोनं मला काहीएक दाखवलं नव्हतं. का नाही दाखवलं? मी बघितलं नसतं म्हणून?

सुनंदाला मुलगी झाली. बारशाला मला मुद्दाम बोलावणं आलं. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, बरोबर मधे तो हिरवा तुकडा. वनिता येईल त्याला सांगत होती, "ही माजी आय. काकांनी वळखली." माणसं माझ्याकडं मानानं बघत होती. मी पायांकडं बघत होतो.

तेवढ्यात बाळ मुतलं. हिरवा तुकडा भिजून गडद झाला. "अगो, आजीच्या मांडीवर मुतली!" कुणीतरी ओरडली आणि सगळ्या बाया हसायला लागल्या. सगळ्यांत मोठ्यानं वनिता हसली. भिजलेलं दुपटं सोडवायचंही तिला सुचेना.

मीही हसलो. मग जेवलो आणि घरी आलो. ती वनिताची आई होती की दुसऱ्या कुणाची, देव जाणे. पण त्या घरात त्या दिवशी एक म्हातारी बसलेली होती, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.