ऑकलंडला वेळेवर पोचली ती मी नव्हते

त्या दिवशी मी देवीवर मनापासून चिडले होते. माझ्या मुलीला, मुग्धाला, सातव्याच महिन्यात कळा सुरू झाल्या होत्या आणि ती ऑकलंडच्या हॉस्पिटलात एकटी होती. जावई जहाजावर, भर समुद्रात. बाळंतपणासाठी व्हिसा आधीच काढून ठेवला होता म्हणून तिकीट तरी मिळालं. फोनवर इंदूर ते ऑकलंड टाकलं की किती किलोमीटर, किती तास, सगळं येतं. नकाशावर एक सरळ रेघ उमटते. रेघ काढायला काय जातं! प्रत्यक्षात आधी दिल्ली, मग सिंगापूर, मग पुढे. अन्नपूर्णेच्या देवळात घाईघाईने हात जोडून एअरपोर्ट गाठला, तर दिल्लीत धुकं म्हणून विमान जागचं हलेना. "बस थोड़ी देर, मैम." तासातासाला हेच. धुकं कुणाच्या हातात नसतं, कबूल. पण खरं सांगायला काय धाड भरली होती?

दिल्लीला उतरले तोवर सिंगापूरचं विमान निघून गेलेलं. काउंटरवरचा माणूस मान खाली घालूनच म्हणाला, "अब कल ही होगा."

माझा तोल सुटला. "कल? मेरी बेटी वहाँ अकेली है, भिया! ऊपर तो देखो!"

त्याने नाहीच पाहिलं. मग उरलेला सगळा राग मी देवीवर काढला. इतकी वर्षं तुझ्या दारात येते, कधी काही मागितलं? आज मागितलं, तर आजच डोळे मिटलेस?

तेवढ्यात माझं इंदुरी 'भिया' ऐकून रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंनी माझा दंड धरला. माझ्याच वयाच्या, डोक्यावर पदर. "इंदौर के हो, जीजी? मैं गौतमपुरा की." गौतमपुरा म्हणजे इंदूरजवळचंच गाव. त्याही ऑकलंडला, मुलाकडे निघाल्या होत्या, त्यांचंही तेच विमान चुकलं होतं. माझं ऐकून त्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला आणि हुकूम सोडला, "अस्पताल जा, बेटा. अपने इंदौर की बच्ची है. इसकी माँ पहुँचे तब तक हिलना मत."

ती सून, शीतल, खरंच हलली नाही. ऑपरेशनला नेईपर्यंत तिने मुग्धाचा हात धरून ठेवला. आम्ही दोघी दिल्लीतच अडकलेल्या असताना मुग्धाचा फोन आला. आवाज थकलेला, पण हसरा. "आई, मुलगी झाली. एवढीशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीये, पण काय जोरात रडली! आणि ही शीतल मला जरा उठूपण नाही देत."

मी त्या अनोळखी बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून रडले.

विमान कंपनीवरचा राग काही गेलेला नाही. तक्रारीला त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही, आणि मीही सोडणार नाही. देवीशी मात्र भांडण मिटलं. मुलीपाशी आई हवी होती, ती वेळेवर पोचली. कुणाच्या रूपाने पाठवायची हे तिने मला विचारलं नाही, इतकंच. हल्ली मी मागते, हक्काने मागते. कसं द्यायचं ते मात्र सांगत नाही.